पाणवठ्यावरचा पाचू कवडा: एका हाइडचे परीक्षण

पाचू कवडा पाहण्यासाठी कधी पैसे मोजावे लागतील, असे मला वाटले नव्हते. हिरव्या पंखांचा, जमिनीवर चरणारा हा कबुतराच्या कुळातला पक्षी दुर्मिळ नाही. कोकणापासून केरळपर्यंतच्या घाटउतारांवर, पूर्व घाटात, हिमालयाच्या पायथ्याशी, ईशान्येकडे आणि अंदमान-निकोबारच्या बेटांवर तो राहतो. तमिळनाडूने तर त्याला राज्यपक्षी केले आहे. तरीही इतक्या वर्षांच्या भटकंतीत माझ्या वाट्याला आलेला पाचू कवडा जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच रूपात आला: पायवाटेच्या वळणावर पायाखालून उडाल्यासारखा निघालेला, कमरेच्या उंचीवरून बुंध्याबुंध्यांतून सुसाट गेलेला, आणि ओळख पटेपर्यंत दिसेनासा झालेला एक तपकिरी-हिरवा पट्टा. पाठीच्या खालच्या भागावरच्या दोन फिकट पट्ट्या दिसल्या, तर नाव वहीत लिहायचे आणि पुढे चालायचे. हा पक्षी बसलेला किंवा चाललेला, म्हणजे त्याचे आयुष्य जगत असलेला, निवांत पाहता यावा म्हणून यंदा एप्रिलच्या उत्तरार्धात मी दक्षिण कोकणात, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका खाजगी हाइडवर, म्हणजे लपून पक्षी पाहण्यासाठी बांधलेल्या आडोशाच्या ठिकाणी, दोन दिवस राहिलो. जागेचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या दूर करण्याची तयारी मालकांनी दाखवली आहे. शिवाय अशी हाइड आता सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी झाली आहेत, आणि मी ज्या गोष्टी पारखल्या त्या कोणत्याही हाइडवर पारखता येतील.

मांडणी साधी आहे. मालकांच्या काजूच्या बागेला निमसदाहरित जंगल लागून आहे. त्या सीमेवर झावळ्या आणि हिरव्या जाळीच्या कापडाची एक लांबट खोपी बांधली आहे आणि समोर पाच-सहा मीटरवर जांभ्या दगडात उथळ कुंड केले आहे. वरून नळीने थेंबथेंब पाणी पडते. खोपीत सहा जण बसू शकतात, प्रत्येकासमोर लेन्स बाहेर काढण्यापुरती कापडी फट आहे. चार तासांच्या सत्राला माणशी १२०० रुपये, आणि गाईडबरोबरच्या पहाटेच्या जंगलफेरीला ५०० रुपये. मी दोन सत्रे आणि एक फेरी घेतली. राहण्या-जेवणाबद्दल तक्रार नाही, आणि त्याबद्दल लिहिण्याचे हे ठिकाणही नाही.

पहिल्या सत्रात दीड तास पाचू कवडा आला नाही. शामा आला, केशरी डोक्याचा कस्तूर आला, सातभाईंची एक टोळी येऊन अंघोळ करून गेली, आणि माझ्या शेजारचे दोन छायाचित्रकार चुळबुळ करू लागले. कोणीतरी वर फांद्यांकडे लेन्स वळवून वाट पाहत होते. तेव्हा मागे बसलेला गाईड मुलगा हळूच म्हणाला, “काकानू, गडबड करू नकात. तो चलत येतलो, उडान येवचो नाय.” ही त्या दोन दिवसांतली सर्वांत मोलाची सूचना ठरली. पाच-सात मिनिटांत कुंडाच्या डाव्या बाजूला पाचोळा खसफसला, थांबला, पुन्हा खसफसला, आणि वेताच्या जाळीखालून एक नर खरोखरच चालत बाहेर आला. कबुतराच्या चालीत मानेचा जो झटका असतो तो याच्याही चालीत होता, पण प्रत्येक आठ-दहा पावलांनंतर तो असा स्तब्ध व्हायचा की पाचोळ्यातच विरघळून जायचा. कुंडापर्यंतचे चार मीटर पार करायला त्याने सहा मिनिटे घेतली. त्या सहा मिनिटांसाठी मी पुन्हा १२०० रुपये देईन. त्यानंतर जे घडले त्याला मात्र पुरते अर्धे मिनिटही लागले नाही.

इथे हाइडच्या गिऱ्हाइकांनी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, म्हणजे शेजारच्या छायाचित्रकारांनी नंतर मालकांकडे केली तशी ‘पक्षी थांबत नाही’ ही तक्रार करावी लागणार नाही. बहुतेक पक्षी चोचीत घोटभर पाणी घेतात आणि मान वर करून ते घशात सोडतात. कस्तूर एका तहानेसाठी दहा-पंधरा वेळा मान वर-खाली करतो आणि तेवढ्या वेळा छायाचित्र देतो. कबुतरांच्या कुळातले पक्षी चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता, पाणी सलग ओढून घेतात. पाचू कवड्याने एकदा चोच बुडवली, गळ्याची हालचाल दिसली, आणि काम झाले. जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्याला पाण्याच्या काठावर, मोकळ्यात, जेवढा कमी वेळ उभे राहावे लागेल तेवढे बरे, हे उघड आहे. त्यामुळे ज्याला त्याचे चित्र हवे असेल त्याने पाण्यावर नव्हे, पाण्याकडे येणाऱ्या वाटेवर लेन्स लावावी, आणि हाइडवाल्यांनी ती वाट मोकळी ठेवावी. इथल्या मालकांनी कुंडाभोवती शेवाळलेल्या फांद्यांची जी सजावट केली आहे ती माशीमार आणि शामासाठी उत्तम आहे. पाचू कवड्याला तिचा काडीचा उपयोग नाही. उलट त्याच्या नेहमीच्या वाटेवरच एक मोठा ओंडका आडवा टाकला होता, आणि पक्षी त्याला वळसा घालताना नेमका दृष्टीआड जात होता. दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर त्यांनी तो ओंडका हलवला.

जागेची निवड हा दुसरा मुद्दा, आणि त्याबद्दल कोणीही आधी काही सांगत नाही. पाचू कवड्याचा हिरवा रंग पोपटाच्या हिरव्यासारखा नसतो. तो पंखांच्या पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून उमटणारा, धातूसारखा चमकणारा रंग आहे; त्याच्या प्रजातीच्या ग्रीक नावातही ‘कांस्य’ आणि ‘कबूतर’ असे दोन शब्द आहेत. प्रकाश पाहणाऱ्याच्या पाठीमागून आला तर पंख पाचूसारखे पेटतात, त्यात तांब्याची झाक फिरते. प्रकाश पक्ष्याच्या मागून आला तर तोच पक्षी शेणकाळा, मळकट दिसतो. सकाळच्या सत्रात मी उजवीकडच्या शेवटच्या फटीशी होतो आणि मला दिसलेला नर निम्मा वेळ तपकिरी होता, तर डावीकडच्या टोकाला बसलेल्या बाईंना त्याच क्षणी तो लखलखीत हिरवा दिसत होता. दुपारच्या सत्रात हे उलटे झाले. सहाही जागांचे दर सारखे आहेत आणि जो आधी येईल तो हवी ती जागा घेतो. त्यामुळे हे आधी माहीत असणे हिताचे. बसायची बाके मात्र चांगली, जमिनीपासून वीतभरच उंच आहेत. पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून त्याला पाहण्याचे सुख उंच खुर्चीवरून मिळत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी ते सोसावे असे माझे मत आहे.

खोपीच्या मागच्या भिंतीवर माहितीचा एक फलक आहे. छपाई सुरेख आहे, मजकूर दुरुस्तीला आला आहे. फलकावर नराचे चित्र आहे आणि फिकट, तपकिरी पक्ष्याच्या चित्राखाली ‘पिल्लू’ असे लिहिले आहे. ती मादी आहे. नराचा माथा राखी, कपाळ आणि भुवई पांढरी, खांद्यावर छोटा पांढरा ठिपका, छाती-पोट गुलाबीसर तपकिरी आणि चोच प्रवाळासारखी लाल असते. मादीला राखी माथा आणि खांद्याचा तो ठिपका नसतो, अंगावर तपकिरी छटा अधिक असते, पण पंख तिचेही हिरवे असतात. पिल्लाच्या अंगावर गडद आडव्या रेघा असतात आणि पंखांवर हिरवा रंग जेमतेम असतो. आमच्या दुसऱ्या सत्रात मादी दोनदा आली आणि दोन्ही वेळा फलक वाचून बसलेल्या एका गृहस्थांनी ‘पिल्लू आले, पिल्लू आले’ म्हणून इतरांना सांगितले.

फलकावरची दुसरी चूक अधिक मोठी आहे. पाचू कवडा ‘फळे खाऊन जंगलात बिया पसरवणारा पक्षी’ आहे, असे तिथे म्हटले आहे. हे वाक्य ऐकायला गोड आहे, आणि दुसऱ्या कबुतरांबद्दल ते खरेही आहे. याच घाटात राहणारे थोरले वन्य कबूतर रानजायफळासारखी मोठी फळे गिळते आणि बी शाबूत बाहेर टाकते. पाचू कवड्याचे पोट तसे नाही. तो झाडाखाली पडलेल्या फळांतल्या आणि पाचोळ्यातल्या बिया टिपतो, त्यांबरोबर बारीक खडे गिळतो, आणि पेषणीत, म्हणजे कोंबडीच्या पोटात जी जाड मांसल पिशवी सापडते तिच्यात, त्या बिया दळून टाकतो. दळलेली बी उगवत नाही. अधूनमधून तो वाळवीही खातो. थोडक्यात, तो जंगलाचा माळी कमी आणि जात्यावर बसलेला अधिक आहे. यात त्याची बदनामी नाही. बियांचा हिशेब ठेवणारे असे प्राणीही जंगलाला लागतातच. पण पैसे देऊन आलेल्या पाहुण्यांच्या समोर टांगलेल्या फलकाने त्याला दुसऱ्याचे श्रेय देऊ नये.

याच्याशीच जोडलेली माझी मुख्य तक्रार आहे. दुसऱ्या सत्रापूर्वी एका मदतनिसाने कुंडाच्या काठावर मूठभर तांदूळ आणि बाजरी टाकली. कारण विचारले तर उत्तर मिळाले की कवडा जास्त वेळ थांबतो. थांबला, हे खरे आहे. नर आला आणि बारा मिनिटे एका जागी दाणे टिपत राहिला; सगळ्यांना हवी ती चित्रे मिळाली. मला मात्र त्या बारा मिनिटांत पहिल्या दिवशीच्या सहा मिनिटांइतके काहीच दिसले नाही, कारण समोर होता तो अंगणातल्या होल्यासारखा वागणारा पक्षी. पाचोळा चाळत, थांबत, कानोसा घेत चालणे, हेच तर या पक्ष्याचे स्वतःचे आहे, आणि दाण्याने नेमके तेच पुसून टाकले. त्याच जागी रोज दाणे पडू लागले की उंदीर येतात, त्यांच्या मागे साप येतात, शिकारी पक्ष्यांनाही पत्ता कळतो, आणि ओल्या काठावर सडलेल्या धान्याने आजार पसरण्याची भीती असते. एप्रिलच्या उन्हात, आसपासचे ओहोळ आटलेले असताना, नुसते पाणी पुरेसे आहे. पहिल्या सत्राने ते दाखवून दिले होते.

दुसरा आक्षेप आवाजाचा. पाचू कवड्याची हाक हा एक खोल, नाकातून काढल्यासारखा, दुःखी हुंकार आहे. तो हळू सुरू होतो, चढत जातो आणि सहा-सात वेळा पुन्हा पुन्हा येतो. जंगलात तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो अधिक, आणि तो कुठून आला हे सांगता येत नाही. आमच्या सत्रात एका पाहुण्याच्या आग्रहावरून मदतनिसाने ही हाक मोबाईलवर लावली. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढा खालचा स्वर पेलत नाही, त्यामुळे जे वाजले ते रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखे होते. पाचू कवडा तर आला नाहीच, कुंडावर असलेला शामाही उडून गेला. हा प्रकार हास्यास्पद होता म्हणून सोडून द्यावा असे नाही. विणीच्या दिवसांत नराला त्याच्या हद्दीत दुसऱ्या नराचा खोटा आवाज ऐकवणे म्हणजे त्याला घरट्यावरून आणि खाण्यावरून उठवणे आहे. मालकांच्या नियमावलीत रेकॉर्डिंग वाजवण्यास मनाई आहे. ती पाळली गेली नाही. मी बोललो तेव्हा लगेच बंद केले, आणि रात्री मालकांनी स्वतः येऊन दिलगिरी व्यक्त केली, हे नमूद करायला हवे.

आता जंगलफेरीबद्दल. ५०० रुपयांची ही फेरी जाहिरातीत शेवटच्या ओळीत, जणू तोंडी लावण्यासारखी, दिली आहे. माझ्या मते तिथे जाण्याचे खरे कारण तीच आहे. पहाटे सव्वासहाला आम्ही तिघे आणि तो गाईड मुलगा जुन्या बैलगाडीच्या वाटेने निघालो. उजाडताना पाचू कवडे अशा मोकळ्या मातीच्या वाटांवर येतात, खडे आणि बिया टिपतात, आणि माणूस आला की लगेच उडण्याऐवजी आधी चालत बाजूच्या झुडपांत शिरण्याचा प्रयत्न करतात. गाईडने आम्हाला तीसेक पावलांचे अंतर ठेवून, वाटेच्या कडेने, एकामागे एक चालायला लावले. पक्षी चालू लागला की आपण थांबायचे, तो थांबला की आपणही थांबायचे, आणि तो पुन्हा टिपू लागला की दोन पावले पुढे जायचे. या पद्धतीने एका नराला आम्ही जवळजवळ पाऊण तास पाहिले. तो ऐनाच्या झाडांच्या पाचोळ्यात चोचीने पाने बाजूला उडवत होता. पाय तो उकरायला वापरत नव्हता, आणि रानकोंबडा व कवडा यांच्या पाचोळ्यातल्या आवाजातला फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला: कोंबडा खरवडतो, कवडा फडफडवतो. हाइडमध्ये बसून हा फरक शिकायला किती सत्रे लागली असती, सांगता येत नाही.

पुढे बांबूच्या बेटाजवळ गाईडने लांबूनच एक घरटे दाखवले. पाचू कवडा जमिनीवरचा पक्षी म्हणवतो, पण घरटे झाडावर करतो आणि रात्रीही फांदीवरच झोपतो. उतरणे फक्त पोटासाठी. दीड-दोन पुरुष उंचीवर दहा-वीस काटक्यांची एक चाळणी होती, जिच्यातून खालून आकाश दिसत होते, आणि तिच्यावर मादी बसली होती. कबुतरांची घरटी अशीच निष्काळजी असतात. अंडी दोन, सायीसारख्या फिक्कट पिवळसर रंगाची. पिल्लांचे पहिले अन्न म्हणजे आई आणि बाप दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून तयार होणारे, दह्यासारखे दिसणारे, प्रथिने आणि चरबीने भरलेले ‘कबुतराचे दूध’. इतर बहुतेक बिया खाणाऱ्या पक्ष्यांना पिल्लांसाठी किडे गोळा करावे लागतात. कबुतराला लागत नाहीत, कारण तो बियांचेच दूध करतो. गाईडने आम्हाला तिथे मिनिटभरही उभे राहू दिले नाही. कॅमेरा वर करणाऱ्याला त्याने खुणेनेच थांबवले. एवढ्या एका गोष्टीसाठी त्याच्या फेरीचे दर वाढवले, तरी मी देईन.

परतीच्या वाटेवर एक उंबर फळांनी लगडला होता. वर हरियालांचा थवा, महाराष्ट्राचा राज्यपक्षी, फांद्यांना उलटसुलट लोंबकळत फळे खात होता. खाली, त्यांच्या हातून निसटलेल्या फळांमध्ये, पाचू कवड्याची जोडी फिरत होती. दोघेही हिरवे, दोघेही कबुतराच्या कुळातले, एक वर पंगतीला आणि एक खाली सांडलवंड टिपायला. साडेतीनशेच्या आसपास जाती असलेल्या या कुळात जमिनीवर उतरण्याचा मार्ग अनेकांनी वेगवेगळा स्वीकारला, आणि त्यांतल्या एकाने मॉरिशसच्या बेटावर उडणेही सोडले. तो डोडो. डोडोचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक निकोबारी कबूतर आहे, आणि तेही पाचोळ्यातच चरते. पाचू कवड्याने मात्र उडणे सोडलेले नाही, उलट ते फार वेगवान ठेवले आहे. आणि याच वेगामुळे मला मालकांशी पुन्हा एकदा बोलावे लागले.

जेवणघराची जंगलाकडची भिंत पूर्ण काचेची आहे. दृश्य सुंदर दिसते. दुसऱ्या सकाळी तिरप्या उन्हात त्या काचेवर, छातीच्या उंचीवर, मला एक पुसट पांढरा ठसा दिसला: पसरलेले दोन पंख, मधे छाती, एका बाजूला वळलेली मान. कबुतरांच्या पिसांवर बारीक पूड असते आणि काचेवर आदळल्यावर तिचा असा ठसा उमटतो. तो कोणत्या कबुतराचा होता हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण बुंध्यांमधून कमी उंचीवर सरळ रेषेत झेपावणारा पाचू कवडा या अपघाताला फार बळी पडतो. सिंगापूरसारख्या शहरात इमारतींवर आदळणाऱ्या पक्ष्यांत तो नेहमीचा आहे. काचेत त्याला झाडे दिसतात, म्हणून तो त्यांच्यातून जायला निघतो. मालकांनी एका कोपऱ्यात ससाण्याचे काळे चित्र चिकटवले होते. त्याचा उपयोग होत नाही; पक्षी त्या चित्राला टाळून शेजारच्या काचेवर आदळतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने, दर दोन इंचांवर उभ्या दोऱ्या सोडल्या किंवा तेवढ्याच अंतरावर ठिपके चिकटवले तर पक्ष्याला काच अडथळा म्हणून दिसते. मालकांनी पावसाळ्यापूर्वी दोऱ्या लावण्याचे कबूल केले आहे. पक्षी दाखवण्याचे पैसे घेणाऱ्या जागेने हे पहिल्या दिवसापासून करायला हवे होते, आणि माझ्या लेखी या ठिकाणाचे गुण सर्वांत जास्त इथेच कापले जातात.

जाणार असाल तर एप्रिल किंवा मे निवडा. पाऊस पडला की जंगलभर पाणी होते आणि कुंडावर कोणी येत नाही. हाइडचे एकच सत्र घ्या, सकाळचे, आणि अर्धा तास आधी जाऊन डावीकडच्या टोकाची फट पकडा. नोंदणी करतानाच दाणे टाकू नका असे स्पष्ट सांगा. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते विचारले जात नाही. वाचलेल्या पैशांत जंगलफेऱ्या दोन होतात. चपलेऐवजी मऊ तळव्याचे बूट घाला, कारण वाटेवरचा ऐनाचा पाचोळा एप्रिलमध्ये पापडासारखा वाजतो, आणि तुमच्या पावलांचा आवाज थांबल्याशिवाय कवड्याचा सुरू होत नाही.